एक्केचाळीस नंबरचा गोटा

बाबारावांची गोट्यांची फळी रिकामी असल्याचं ज्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, त्याच दिवशी शेजारच्या किसनरावांच्या अंगणात देव प्रकटला.

बायको जाऊन बावीस दिवस झाले होते. एवढे दिवस बाबाराव आतल्या खोलीत गेले नव्हते. त्या सकाळी कशाला तरी गेले, तर फळीवरचे चौऱ्याऐंशी गोटे गायब. धुळीत नुसत्या गोल खुणा उरल्या होत्या.

घरात थोरली बहीण विमलाबाई होती. अन्नपूर्णा गेल्यापासून भाकऱ्या टाकायला ती येऊन राहिली होती.

"बाई, गोटे कोठी गेले?"

"टाकले," भाकरी उलटत विमलाबाई म्हणाली. "तेरवीच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकले."

"काऊन?"

"काऊन म्हणे! सारं गाव म्हणून राह्यलं, खदानीतले गोटे घरात आणले अन् त्याईनंच अन्नपूर्णेले खाल्लं. आता तुले खायची वाट पाहू काय मी?"

"बाई, ते टायफाईडनं गेली. डॉक्टरनं सांगतलं, विहिरीच्या पाण्यानं होते तो."

"डॉक्टर काय सांगते? त्याले तुह्ये गोटे कोठी दिसले होते!"

बाबाराव बाहेर पडले. कुदळ आणि टोपलं घेऊन उकिरड्यावर गेले.

ते सडकेच्या खात्यात मुकादम होते. तळेगावच्या रस्त्याला खडी लागायची म्हणून इंग्रजांच्या काळी गावाजवळ खदान काढली होती, ती कधीच बंद पडली. तिथल्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या सापडत आणि पोकळीत काचेसारखे खडे दाटीनं उगवलेले असत. अकरा वर्षांपूर्वी सर्वेला आलेल्या एका साहेबानं बाबारावांना त्याचा नाद लावला. साहेब गेला, नाद राहिला. गोटा आणायचा, धुवायचा, मैलाच्या दगडावर आकडे घालायच्या काळ्या रंगानं त्याच्या बुडाला नंबर घालायचा. मग वर्ध्याहून जुना घेतलेल्या डबा कॅमेऱ्यानं फोटो काढून साहेबाला टपालानं पाठवायचा. एक प्रत घरी ठेवायची. फोटोत आकार कळावा म्हणून गोटा अन्नपूर्णा हातात धरायची. साहेबानं लिहिलं होतं, फोटोत गोटाच दिसू द्या. त्यामुळं बाबाराव दर वेळी तिला म्हणत, "मान बाजूले घे." ती घ्यायची.

दुपारपर्यंत उकिरड्यातून ब्याऐंशी गोटे निघाले. दोन सापडेनात. आणि तेवढ्यात किसनरावांच्या अंगणातून शंख वाजला. बाबाराव तसेच उठून तिकडं गेले.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, बैलगाडीच्या साटीवर माणसं. मधोमध पाटावर स्फटिकनाथ महाराज बसले होते. दाढी काळी, जटा भुरकट. दोन्हींचं वय एकमेकांशी जुळत नव्हतं. महाराजांपुढं पितळी ताट, ताटात कुंकवानं माखलेले दोन गोटे आणि लिंबांची रास.

"हे दगड नाहीत, बाळांनो!" महाराज सांगत होते. "हे शंकराचे दोन अश्रू! बारा वर्षं कैलासाच्या पायथ्याशी एका पायावर उभा होतो. बाराव्या वर्षी बर्फातून माझ्या ओंजळीत पडले. ज्याला बाहेरची बाधा नाही, त्याच्यापुढं हे गप्प. ज्याला आहे, त्याच्यापुढं बोलतात!"

"बोलतात म्हंजे मराठीत काय?" मागून कोणीतरी विचारलं. चार जण हसले. महाराजांनी डोळे वटारले तसे ते हसणारेच दुसऱ्यांना गप्प करू लागले.

पहिला मान सरपंच सदाशिवरावांचा. महाराजांनी ताटातला डावा गोटा उचलला, सदाशिवरावांच्या डोक्यावरून ओवाळला, "तोंड उघड, शंभो!" म्हणून त्रिशुळाच्या टोकानं खरवडला आणि वर लिंबू पिळलं. रस ओघळून गेला. गोटा गप्प.

"निर्मळ! सरपंच निर्मळ आहेत!"

सदाशिवरावांनी टोपी नीट केली. गावकीच्या कारभारात आपल्याला निर्मळ म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

मग किसनरावांची बायको आनंदाबाई सुनेला धरून घेऊन आली. सुनेचं नाव कांता. नवरा गिरणीत कामाला, पुलगावला. अन्नपूर्णा आजारी असताना चौदा दिवस उशाशी बसली ती हीच पोरगी. आता तिला उभं राहवत नव्हतं. ओठ सुकलेले, डोळे कुठेतरी भलतीकडे लागलेले.

"आठ दिवस झाले, महाराज," आनंदाबाई म्हणाली. "जेवत नाई, वळखत नाई. 'काकू पानी देऊ काय, काकू उठता काय,' असंच बोलत राह्यते. मेलेल्या बाईसंगं बोलते हो!"

महाराजांनी या वेळी उजवा गोटा उचलला. ओवाळला, खरवडला, लिंबू पिळलं. आणि खरवडलेल्या जागी बारीक फेस आला. फस्स असा आवाज झाला. पुढचे लोक कान लावून ऐकू लागले, मागचे त्यांच्या अंगावर पडले.

"बोलला! गोटा बोलला!"

महाराजांनी कान गोट्याशी नेला. "बाई आहे. नुकतीच गेलेली सवाष्ण. याच आळीतली. आपलं माणूस सुटत नाही तिला, म्हणून हिच्या अंगात शिरली."

कोणी नाव घेतलं नाही. सगळ्या माना बाबारावांकडे वळल्या.

बाबारावांचे हात कोपरापर्यंत उकिरड्यानं भरलेले होते. ते महाराजांकडे पाहतच नव्हते, गोट्याकडे पाहत होते. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. चार वर्षांपूर्वी फोटोच्या वेळी तो अन्नपूर्णेच्या हातून ओट्यावर पडला होता, आणि ते तिच्यावर ओरडले होते.

"सात दिवस अन्न नाही, औषध नाही," महाराज सांगत होते. "दिवसातून तीनदा कडुनिंबाची धुरी. भूत उपाशी राहिलं की निघतं."

"अन् पोरगी उपाशी राह्यली तं?" बाबाराव म्हणाले.

"कोण आहे तो?"

"ज्या बाईचं तुमी भूत केलं, तिचा नवरा."

किसनराव कसनुसे होऊन पुढं आले. "बाबारावभाऊ, तुमचं दुःख आमाले समजते. पन मधात नका येऊ. पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

"जिवाचाच हाय, म्हणून आलो. महाराज, तो बोलका गोटा जरा सदाशिवरावले ओवाळा."

"त्यांची परीक्षा झाली!"

"डाव्या गोट्यानं झाली. आता उजव्यानं होऊ द्या. दोनी शंकराचेच हायेत ना?"

"देवाची परीक्षा पाहतोस? भस्म होशील!"

"मी झालो तं झालो. माह्या मागं रडाले कोणी नाई आता."

हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी उजवा गोटा उचलला, सदाशिवरावांच्या टोपीवरून ओवाळला, खरवडलेल्या जागी लिंबू पिळलं. फस्स.

"अरे बाप्पा! सरपंचाले बी लागली!" भिंतीवरून आवाज आला. हसू फुटलं. सदाशिवरावांचा चेहरा लाल झाला. "बाबाराव, हा काय खेळ हाय?"

"खेळच हाय. किसनराव, तुमच्या भिंतीचा पोपडा काढू काय?"

किसनरावांनी गोंधळून मान हलवली. बाबारावांनी जुन्या चुन्याचा एक पोपडा भिंतीवरून काढला, पाटाच्या कडेला चुरला आणि वर लिंबू पिळलं. गोट्यावर आला नव्हता एवढा फेस आला. बाया मागं सरकल्या.

"सांगा, महाराज. भिंतीत कोण शिरलं? का अन्नपूर्णेनं दोन बिऱ्हाडं केली?"

महाराज म्हणाले, "भिंत दूषित आहे. हिच्याजवळ आहे ना, म्हणून."

"मंग माह्या भिंतीचा आना. सदाशिवरावच्या वाड्याचा आना. देवळाचा आना. जुना चुना असला की लिंबानं फसफसते. हा उजवा गोटा चुन्याच्या जातीचा, म्हणून फसफसते. डावा गारगोटीचा, त्याच्यावर घागरभर रस ओता, काई होनार नाई. कुंकवानं माखले की दोनी सारखे दिसते. ज्याले सोडायचं त्याले डावा, ज्याले धरायचं त्याले उजवा. मले सर्वेच्या साहेबानं शिकवलं होतं. घरी नवा गोटा आला की आमी लिंबू पिळून पाहात होतो. माही बायको वैतागे. म्हणे, लोणच्याची लिंबं गोट्याले पाजता, अन् पावण्याले सरबत कायचं करू?"

दोनचार बायांना ते आठवलं. लिंबं उसनी मागायला अन्नपूर्णा त्यांच्याकडेच यायची.

"माझे गोटे कैलासाचे आहेत!" महाराज उभे राहिले.

बाबारावांनी बादलीत हात धुतले. मग गोटाही धुतला. कुंकू वाहून गेलं, आणि तो उलटा करून त्यांनी सदाशिवरावांपुढं धरला. बुडाला ठळक काळा आकडा होता: ४१. सडकेवरच्या प्रत्येक मैलावर त्याच वळणाचे आकडे गावानं वीस वर्षं पाहिले होते.

"कैलासावर बी आपलं सडक खातं गेलतं काय?" भिंतीवरच्यानं विचारलं.

आता मात्र सगळं अंगण हसलं. डाव्या गोट्याच्या बुडाला सतरा नंबर निघाला. बाबाराव घरी जाऊन फोटोंचा डबा घेऊन आले आणि एक्केचाळीसचा फोटो काढून दिला. तो हातोहात फिरला. फोटोत तोच गोटा होता, तुटल्या कोपऱ्यासकट, आणि तो धरलेला हात. बांगड्या, करंगळीवर तव्याचा जुना चटका. आनंदाबाईनं फोटो बराच वेळ धरून ठेवला.

"हा तं अन्नपूर्णेचा हात," ती म्हणाली.

"व्हय. अकरा वरसं तिनं हे गोटे धरले. खायचे असते तं पहिल्याच वरशी खाल्लं असतं. विमलाबाईनं ते उकिरड्यावर फेकले अन् ह्या बुवानं तथूनच उचलले. गावानं अवदसा म्हणून टाकले, अन् आठ दिवसांत तेच देव म्हणून ओवाळून राह्यलं."

विमलाबाई गर्दीत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"पन मंग पोरगी काकूसंगं बोलते, ते?" आनंदाबाईनं विचारलं. हरलेल्या माणसाचा नव्हे, घाबरलेल्या माणसाचा प्रश्न होता तो.

बाबारावांनी कांताच्या कपाळाला हात लावला. तो हात त्यांनी लगेच काढला नाही.

"चौदा दिवस तिनं अन्नपूर्णेले पानी पाजलं. तापात तेच बोलून राह्यली. अन्नपूर्णा बी आठव्या दिवशी अशीच बडबडे, तिच्या मेलेल्या मायशी. मले वाटलं, साधा ताप हाय, उतरन. सडकेवर मोठे साहेब येनार होते, म्हणून मी आज नेतो, उद्या नेतो करत राह्यलो. दहाव्या दिवशी नेलं. डॉक्टर म्हणे, चार दिवस आधी आणाले पाह्यजे होतं." ते किसनरावांकडे वळले. "माह्या घरात भूत नव्हतं, किसनराव. उशीर होता. तुमी तो करू नका. गाडी जुंपा."

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि बैल जुंपायला गेले. पोपडा फेसाळलेला पाहूनही जे हललं नव्हतं, ते या बोलण्यानं हललं. गाडी तळेगावच्या सडकेला लागली आणि तिथून बसनं किसनराव आणि बाबारावांनी कांताला आर्वीच्या दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत महाराज कधी उठले ते कोणी पाहिलं नाही. शंख पाटावर राहिला होता. लिंबं त्यांनी नेली.

तेवीस दिवसांनी कांता परत आली. केस गळाले होते, चालताना भिंत धरत होती, पण स्वतःच्या पायांनी बाबारावांच्या घरी आली. फळीवर चौऱ्याऐंशी गोटे पुन्हा ओळीनं लागले होते. विमलाबाईनंच ते पुसून ठेवले होते. फक्त फळीला हात लावण्याआधी ती अजून नमस्कार करत होती. तिनं एक सांगितलं की सदाशिवरावांच्या घरून दोनदा निरोप आला: तो एक्केचाळीस नंबरचा देता काय, देव्हाऱ्यात ठेवू.

कांतानं फोटोंचा डबा पाहिला. एकेक फोटो काढून पाहत गेली. सगळ्यांत हात होता.

"काकाजी, काकूचा चेहरा कोन्त्यात हाय?"

"कोन्त्यातच नाई," बाबाराव म्हणाले. "मीच म्हणे, मान बाजूले घे."

सगळे फोटो नंबरांनी लावून कांतानं डबा बंद केला.

गोटा फसफसला तर त्यात काय आहे ते पाहावं. माणूस तापलं तर त्याला काय झालं ते डॉक्टरला विचारावं. यात शहाणपणाचं असं काही नाही. लिंबू घरात असतं आणि दवाखाना बसच्या वाटेवर असतो. महाराज गेले, पुन्हा कोणी येईल. त्याच्या हातात गोटा नसेल, दुसरं काही असेल. त्याला कोणी विचारलं, की हाच प्रयोग माझ्या भिंतीवर करून दाखव, तर तोही आपली लिंबं घेऊन जाईल.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरनं बाबारावांना औषधाचा एक पुडा दिला होता. आधी विहीर उपसायची, गाळ काढायचा, मग हे टाकायचं. उपसायला दहा माणसं हवीत. बाबारावांनी दोनदा दवंडी दिली. पहिल्या खेपेला चौघं आले, दुसऱ्या खेपेला किसनराव एकटे. सदाशिवराव म्हणाले, "पाह्यू, दिवाळी होऊ द्या." गाव त्याच विहिरीचं पाणी पितं. पुडा फळीवर एक्केचाळीस नंबरच्या शेजारी आहे. विहीर अजून उपसायची राहिली आहे.