साहेब गुरगुरत नाही

आमच्या ह्यांचा धंदा लोखंडी गेटांचा. एकदा माणसाच्या दाराला भक्कम गेट बसलं की आपल्या घरात चोरण्यासारखं काहीतरी आहे असं त्याला वाटायला लागतं, आणि मग तो कुत्र्याची चौकशी करतो. अशा चौकशा बारा वर्षं ऐकल्यावर ह्यांनी ठरवलं की कुत्राही आपणच द्यावा. घरात नर होता, मादी होती, मागे अंगण होतं. आणखी काय लागतं, असं ह्यांचं म्हणणं.

नर म्हणजे साहेब. रॉटवायलर, चार वर्षांचा, काळाकुट्ट, चालणं असं की जणू सगळी गल्ली त्याच्याच नावावर आहे. मादी म्हणजे पिवळी. मॅस्टिफ, अडीच वर्षांची, वजन साठ किलो. ह्यांच्या ओळखीचे फरशीवाले तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले तेव्हा तिला आमच्या गळ्यात बांधून गेले. पिवळी कुणाच्या अंगावर जात नाही. ती दारात उभी राहते, आणि मग त्या दारातून कुणी जात नाही, आम्हीसुद्धा.

"पिवळीचं अंग आणि साहेबाचं डोकं," हे म्हणाले. "असं पिल्लू शोधून सापडणार नाही."

"आणि पिवळीचं डोकं न् साहेबाचं अंग आलं तर?"

"तुझं आपलं काहीतरीच."

साहेबाचं डोकं हा ह्यांचा अभिमानाचा विषय. साहेब गुरगुरत नाही. फाटकाशी अनोळखी माणूस आला तर भुंकतो, पण घरात घेतलेल्या माणसावर गुरगुर म्हणून नाही. पाहुणे आले की साहेब खात असताना हे त्याच्या भांड्यात हात घालून दाखवत. साहेब खायचा थांबे. मान खाली, अंग ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसे. "बघा, रक्तातच आहे. खाण तशी माती!" हे म्हणत, आणि पाहुणे माना डोलवत. मी तेवढ्या वेळात चहाचे कप उचलून आत जात असे.

पिल्लांचा अजून पत्ता नव्हता, पण बाजारात तुरी म्हणतात तशी वाटणी होऊन गेली होती. एक फरशीवाल्यांच्या भावाला, दोन इलेक्ट्रिशियनला, एक गोदामवाल्यांना, आणि सगळ्यात पहिलं आमच्या लेकीला. लेकीचा मुलगा दोन वर्षांचा आहे. सध्या जे हाताला लागेल ते तो ओढतो. पडदे, बापाचा चष्मा, माझ्या कानातलं.

"साहेबाचं पिल्लू म्हटल्यावर मला काळजी नाही," लेक फोनवर म्हणाली. "बाबा म्हणतात तो गुरगुरतसुद्धा नाही."

साहेब का गुरगुरत नाही, हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

तो घरात आला आणि दोनच आठवड्यांत सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत लावला. वॉकर धरून, डावा पाय फरफटत ते न्हाणीपर्यंत जात. ते फरफटणं ऐकलं की साहेब ओठ वर करून गुरगुरायचा. पाच महिन्यांचा झाला तेव्हा ती गुरगुर पोटातून यायला लागली. एकदा त्यानं वॉकरच्या पायाचं रबर फाडून काढलं. सासरे मला म्हणाले, "एक तर हा राहील, नाहीतर मी." हे दिवसभर वर्कशॉपमध्ये, आणि घरी आले की साहेब ह्यांच्या मागेमागे अंगणात. सासरे माझ्या वाट्याला, कुत्राही माझ्याच वाट्याला.

मी वर्तमानपत्राची सुरळी केली. गुरगुरला की नाकावर. सुरळीनं भागेना तेव्हा ओला टॉवेल. भर दुपारी, खिडक्या लावून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या पिल्लाला दिला, आणि बावीस दिवसांत ते गप्प झालं. पाय फरफटल्याचा आवाज आला की भिंतीकडे तोंड करून बसायला लागलं. "बघ, किती समजूतदार झाला!" हे म्हणाले. मी बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरे पुढे दीड वर्ष जगले, आणि शेवटी शेवटी ते साहेबाला स्वतःच्या हातानं बिस्किटं देत. त्यामुळे मी चुकले असं मला कधी वाटलंच नाही.

पिवळी पुढच्या महिन्यात माजावर येणार होती, म्हणून हे दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकाचा पट्टा धरायला मी. डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला फटकळ.

"काका, दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि आठ-दहा पिल्लं होतील. दीड वर्षात एकेक पन्नास किलोचं. त्यातली तीन लोकांनी परत आणून दिली, तर कुठे ठेवणार?"

"परत कशाला येतील? बाप बघा ना. आयुष्यात गुरगुरला नाही."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. "आयुष्यात? पिल्लू होता तेव्हाही नाही?"

"कधीच नाही!"

त्यांनी साहेबाच्या मांडीवर हात ठेवला. साहेबानं तोंड भिंतीकडे वळवलं, एकदा स्वतःचं नाक चाटलं आणि श्वास धरला. त्यांनी हात लगेच काढून घेतला.

"गुरगुर म्हणजे पाटी असते, काका. पुढे खड्डा आहे, येऊ नका, अशी. पाटी उपटली म्हणून खड्डा बुजत नाही."

"ह्याच्यात खड्डाच नाही," हे म्हणाले.

"नसेलही. काकू, दिवसभर ह्याच्याबरोबर तुम्ही असता. तुम्हाला काय वाटतं?"

"ह्यांनाच जास्त कळतं त्यातलं," मी म्हटलं. इतकं सोपं खोटं मी बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते.

एक्स-रे चांगले निघाले. झालं, हे लगेच पिवळीच्या बाळंतपणासाठी पेटी करायला लागले. पाच फूट बाय पाच फूट, आणि आतून चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी दांडी. मादी रेलून बसली तर मागचं पिल्लू कडेशी चिरडू नये, दांडीखाली त्याला जागा राहावी, म्हणून. दांडीची टोकं ह्यांनी तीनदा घासली. माणूस वाईट नाही हो. मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

ते चार दिवस मी फक्त बेरीज करत होते. पिवळीचं वजन, पाच महिन्यांच्या साहेबाचा तो वर गेलेला ओठ, आणि नातवाचा हात. खाण तशी माती हे ह्यांचं म्हणणं खरंच होतं. फक्त खाणीत काय आहे ते ह्यांनी पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी डबा घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले. हे पेटीच्या दाराला बिजागरी जोडत होते.

"अहो, साहेब गुरगुरायचा. बाबांवर. मी मारून मारून ते बंद केलं."

ह्यांनी डोळ्यांवरची काच वर केली. "कधी?"

"तो पाच महिन्यांचा होता तेव्हा. बावीस दिवस."

"काय घेऊन?"

मी सांगितलं. ह्यांनी बिजागरी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"पण चार वर्षांत तो कुणाला चावला नाही."

"चार वर्षांत त्याचे कान कुणी ओढले नाहीत. तुम्ही भांड्यात हात घालता, तो तुम्हाला भितो म्हणून थांबतो. पिल्लांना सुरळी कोण दाखवणार? की प्रत्येक घरी मी जाऊ?"

त्यावर हे जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. "चार वर्षं मी जगाला सांगत फिरलो, रक्तातच आहे म्हणून. आणि तू चहा देत होतीस." मारल्याचा राग नव्हता, हसं झाल्याचा होता. निदान त्या वेळी तरी मला तसं वाटलं. त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "पिवळीचं ऑपरेशन करून टाकू. इलेक्ट्रिशियनला न् बाकीच्यांना मी सांगतो. लेकीला तू सांग. सगळं सांग, अर्धं नको."

संध्याकाळी मी फोन केला. बाळ दोन वर्षांचं झालं म्हणून लेक पुन्हा कामाला लागणार होती, आणि पहिल्या तारखेपासून त्याला सांभाळायला मी जाणार होते. माझी बॅग अर्धी भरलेली होती. पिल्लू मिळणार नाही म्हटल्यावर ती हिरमुसेल, तिला काय बोलून समजवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

मी सगळं सांगितलं. सुरळी, टॉवेल, लावलेल्या खिडक्या. तिच्या मागे बाळ काहीतरी आपटत होतं.

"ऐकतेयस ना?"

"हो. मग पिल्लू नकोच." मग ती म्हणाली, "आजोबा घाबरायचे, म्हणून तू मारलंस."

"हो ना. काय करणार?"

"आणि माझ्या वेळी तुझी रात्रपाळी असायची."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नऊ वर्षं रात्रपाळी केली. रात्रभर लोकांचे फोन जोडून द्यायचे, सकाळी घरी येऊन स्वयंपाक करायचा आणि दुपारी झोपायचं. दुपारची चार तास झोप, ती मिळाली नाही तर मी माणसात नसे.

"लाकडी फूटपट्टी होती, आई. मी रडले की तू झोपेतून उठून यायचीस. मग मी रडेनाशी झाले. बाबा सगळ्यांना सांगायचे, पोर किती शहाणी आहे."

"दोन-चारदा झालं असेल," मी म्हटलं.

"असेल."

तिनं आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नाही, तिच्या ऑफिसात त्याबद्दल तिचं कौतुक होतं. मला वाटत होतं तिनं ओरडावं, भांडावं, म्हणजे मलाही दोन गोष्टी बोलता आल्या असत्या. नोकरी होती, घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा सगळेच मारायचे. हे सगळं खरं आहे.

"पहिल्या तारखेचं राहू दे, आई," ती म्हणाली. "आमच्या इमारतीखाली पाळणाघर आहे, तिथं मी उद्या विचारते. तू अधूनमधून येत जा. मी घरी असताना ये."

मी बाळाशी असं कधीच वागणार नव्हते, हे मला तिला सांगायचं होतं. पण साहेबाला घरी आणलं त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर त्याच्याबद्दलही मी हेच सांगितलं असतं. मी म्हटलं, "उद्या विचार."

तेवढ्यात बाळ पडलं असावं. ते भोकाड पसरून रडायला लागलं. लेकीनं त्याला उचललेलं मला ऐकू आलं, पाठीवर थोपटलेलंही. पण गप्प बस असं ती एकदाही म्हणाली नाही. फोन तसाच धरून तिनं त्याला रडू दिलं, आणि मी ऐकत राहिले.