पाच टाळक्यांचा फोटो

खण्ण! दुधाच्या किटलीचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि गिरक्या घेत, वाजत वाजत चुलीपर्यंत गेलं. घर अजून निजलेलं, त्यामुळे एवढासा आवाजही देवळातल्या घंटेएवढा वाटला. हर्षाली शेणानं भरलेल्या हातांनी गोठ्यातून पळत आली. तिची सासू साळुबाई एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं उजवी कूस धरून उभी होती.

"आत्या, पुन्हा कळ आली का?"

"कशाची कळ? मांजरानं पाडलं."

मांजर उंबऱ्यावर बसून पाय चाटत होतं. आपल्या नावावर या घरात काय काय खपतं, याची त्याला सवय झाली होती.

साळुबाईच्या पित्ताशयात खडे होते. नारायणगावच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडाला धरून तिच्या मुलाला, भरतला, ते दाखवले होते. "काढून टाका, उगाच थांबू नका," असं सांगितलं आणि खर्चाचा आकडाही सांगितला. तो ऐकल्यावर साळुबाई टेबलावरून आपली आपण उतरली. पदर सावरून म्हणाली, "राहू द्या डाक्टर. माझंच खडं हाईत, काय भाड्यानं ठिवल्यात का?" कंपाउंडर हसला, भरतला काही हसू आलं नाही. टोमॅटोची गाडी मार्केटला नेऊन-आणून घर चालवणारा माणूस तो. त्याच्या लहानपणी ओतूरचा डॉक्टर सुई टोचायचा आणि मेथीच्या दोन जुड्यांवर खूश व्हायचा. आता सुईच्या आधी रक्त, रक्ताच्या आधी फोटो, आणि नुसतं खाटेवर आडवं झालं तरी खाटेचं भाडं! माणूस बरा व्हायचा तेव्हा होवो, घर मात्र आजारी पडायचं.

अशात दिवाळीनंतर डिंगोऱ्याच्या डेअरीनं योजना काढली. डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येक घराला एक कार्ड. दुधाच्या पगारातून महिन्याला थोडं कापून घ्यायचं आणि वर्षभरात घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, तर तो खर्च योजनेनं करायचा. डेअरीचे सेक्रेटरी हौशीराम यांनी दुधाचं माप घेता घेताच नियम सांगितला, "एका कार्डावर पाच टाळकी. पाची जणांचा एकत्र फोटू. फोटूत दिसंल त्यो योजनेत. सहावं टाळकं डोकावलं तर कार्ड बाद!"

"आणि जुनं दुखणं असलं तर?" हर्षालीनं विचारलं.

"जुनं चालंल, नवं चालंल, नवरा तेवढा बदलून मिळायचा न्हाई."

हर्षाली किटली हलवत घरी आली ती उडतच. वाटेत तिनं बोटं मोजली. सासरे गेणूमामा, आत्या, नवरा भरत, ती स्वतः, थोरला आदेश, धाकटी संस्कृती. पुन्हा मोजली. बोटं काही केल्या कमी होईनात. घरात माणसं सहा!

त्या दिवसापासून घरात जी चढाओढ लागली, तशी निवडणुकीतसुद्धा लागत नाही. फरक एवढाच, की इथं प्रत्येकाला पडायचं होतं.

"मला वगळा," गेणूमामांनी पहिल्यांदा अंग काढून घेतलं. "दात सोडलं तर माझं सगळं वरिजनल हाय. बघा!" आणि धोतर खोचून अंगणात बैठका मारायला लागले. तिसरी बैठक मारली आणि खालीच राहिले.

"उठा की मामा!"

"बसलोय जरा. हितं वारं बरं लागतंय."

भरत म्हणाला, "मला राहू दे. मी धडधाकट गडी. दिवसरात गाडी चालवतोय."

"दिवसरात गाडी चालवतोस म्हनूनच पैलं तुझं टाळकं!" साळुबाई कडाडली. "आन् माझं काढा. म्हातारीची कूस दुखती म्हनून नातवंडांचं नाव कापायचं व्हय? लोकं तोंडात शेन घालतील." एवढं बोलून तिनं आपली तब्येत दाखवायला गवताचा भारा उचलला. तो डोक्यावर गेला खरा, पण तिचा चेहरा असा पिवळा पडला, की गेणूमामा बसल्या जागेवरून ताडकन उठले. तीच त्यांची चौथी बैठक.

दुसरीतल्या आदेशनंही हात वर केला. "मला पन वगळा. मला सुई नको."

शेवटी हर्षाली हळूच म्हणाली, "मग मीच राहते बाहेर. मला काय धाड भरलीये?"

तेवढ्यापुरतं मात्र सगळ्या घराचं एकमत झालं. "अगं, तू पडलीस तर आमाला उचलायचं कुनी?" गेणूमामा ओरडले. भरतनं नुसते डोळे वटारले. साळुबाईनं तर विषयच मिटवला, "ठरलं. मी सोडून पाच. आता जो बोलंल त्याला भाकरी न्हाई."

भाकरीपुढे कोण बोलणार? पण भाकऱ्या थापता थापता तिच्या मनात एकच घोळत होतं. आत्यांना कळ आली की त्या पदराचा बोळा दातांत धरतात. आपल्या दोन्ही बाळंतपणांत याच बाईनं आपल्याला न्हाऊ-माखू घातलं, संस्कृतीला सव्वा महिना मांडीवरून खाली ठेवलं नाही. आणि ती फोटोत नाही?

रविवारी जुन्नरचा फोटोग्राफर तौहीद डेअरीच्या पटांगणात पांढरा पडदा बांधून उभा राहिला. कॅमेरा नवा, बटण दाबलं की फोटो मागच्या काचेवर लगेच दिसायचा. गाव असं नटून आलं होतं, की कुणाला वाटावं इथं लग्नच आहे, नवरदेव तेवढा अजून यायचाय. भिमाजी तर म्हैस धुऊन, शिंगांना तेल लावून घेऊन आला होता.

"भिमाजीराव, ही कशाला?" हौशीरामनं कपाळावर हात मारला.

"दूध तिचं, पैसं तिचं, आन् फोटू निस्ता आमचा?"

"तिचा इमा कवाच उतरलाय. तिच्या कानातला बिल्ला कशाचा हाय मग?"

भिमाजी म्हशीकडे बघतच राहिला. "म्हंजी हिला पैल्यापासनं, आन् मला आज व्हय?"

पटांगण खदाखदा हसलं. त्या हसण्यातच हर्षालीच्या घरचा नंबर लागला.

साळुबाई आली होती ती फक्त नातवंडांचे केस चापून बसवायला. मामा आणि भरत खुर्च्यांवर बसले, आदेश मध्ये उभा राहिला. हर्षालीनं संस्कृतीला कडेवरून काढलं आणि सासूच्या हवाली केलं. "आत्या, जरा बसून धरा हिला. माझ्या निऱ्या सुटल्यात."

निऱ्या काही सुटल्या नव्हत्या. साळुबाई रिकाम्या खुर्चीवर टेकली आणि पोरगी तिच्या गळ्याला अशी चिकटली, की जणू डिंकानं डकवलीये.

"एक माणूस जादा होतोय," तौहीद म्हणाला.

"मी उठते की बाबा," साळुबाई म्हणाली. तिनं उठायला पाहिलं मात्र, संस्कृतीनं असं भोकाड पसरलं, की म्हैस दावं ओढायला लागली.

"आजी, बसा, बसा! हलू नका," तौहीद घाबरला. "कुणीतरी इकडं माझ्या मागं या आणि बेबीला हसवा. रडका फोटो वरच्या ऑफिसात चालत नाही."

"मी येते!" हर्षाली म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत कॅमेऱ्याच्या मागे पोचलीसुद्धा.

मग तिनं काय नाही केलं? बांगड्या वाजवल्या. पदराची सोंड केली. बेडकासारखं ओरडून पाहिलं. संस्कृती हुंदके देत बघत राहिली. शेवटी हर्षालीनं धोतर खोचल्याचा आव आणला, दोन बैठका मारल्या, तिसरीला खाली बसली आणि मामांच्या आवाजात म्हणाली, "हितं वारं बरं लागतंय!"

सासऱ्याची नक्कल, तीही सुनेनं, आणि तीही भर गावात! बायकांनी पदर तोंडाला लावले. मग गेणूमामाच फुटले. ते असे हसले, की कवळी सांभाळायला त्यांनी तोंडावर हात धरला. त्यांचं बघून भरत, भरतचं बघून आदेश. संस्कृती खळखळून हसली. आणि साळुबाई? ती कूस विसरली, खडे विसरली, आपण कुठं बसलोय तेही विसरली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.

टिक!

"फसक्लास!" तौहीदनं काच पुढं केली. हौशीरामनं बोट लावून डोकी मोजली. "पाच. पास! पुढचं कोन?"

"आरं थांबा! हर्षाली राह्यली!" भरत खुर्चीवरून उठला.

"पुन्ना काढा," साळुबाई गडबडली. "मी उठते, तिला बसवा."

"आता पोरगी पुन्हा हसायची नाही हो," हर्षाली साळसूदपणे म्हणाली. मागून रांग ओरडायला लागली, भिमाजी म्हशीसकट पुढं घुसला आणि आधीचा फोटो कायम झाला.

साळुबाई सुनेपुढे येऊन उभी राहिली. रागवायचं म्हणून तोंड उघडलं, पण मघाचं हसू अजून ओसरलं नव्हतं. "लई चाप्टर हायस तू," एवढंच तिला म्हणता आलं. मग तिनं दोन्ही हात हर्षालीच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. भरतनं संस्कृतीला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत दर चार पावलांनी मागं वळून बायकोकडे पाहत राहिला.

हर्षालीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पुढच्या महिन्यात कार्ड हातात येणार, की आत्यांना घेऊन थेट नारायणगाव! बांधावरनं ती जवळजवळ उड्या मारतच चालली होती. आदेश तिचं बोट धरून मागं पळत होता.

"आई, आजीनं दवाखान्यात त्यो फोटू दाखवला की डाक्टर बरं करनार ना?"

"करणार म्हणजे? करावंच लागंल!"

"आन् मी पडलो तर मी पन त्योच दाखवायचा?"

"तोच दाखवायचा, राजा."

आदेशनं तिचं बोट ओढून तिला थांबवलं आणि मान वर करून विचारलं, "मग आई, तुला काय झालं तर तू कुनाचा फोटू दाखवशील?"