शेवंतीच्या माहेरचा चहा

"पोत्यात लेक नेतेत काय रे जगदेव?"

देवमननं असं विचारल्यावर जगदेवनं हातातलं बारदानाचं पोतं पाठीमागं लपवलं. जगदेव म्हणजे रामराव पाटलाचा सालदार गडी. अंगानं रेड्यासारखा आणि मनानं कोकरासारखा.

"पाटलानं सांगतलं, ते पांढरं कुत्रं घेऊन ये. कायच्यात आन, ते नाई सांगतलं. मंग म्या पोतं आनलं."

"पाटलाले सांग, शेवंती काई ढेप नोय. पोरगी पायजे असन तं स्वता या म्हना. या बाजेवर बसा म्हना. चंपाच्या हातचा चहा घ्या म्हना. मंग पाहू."

"चहा?" जगदेवचा चेहराच उतरला. "पाटील? अथी?"

"अथी."

त्याच बाजेच्या दुसऱ्या टोकाला मी बशीतला चहा फुंकत बसलो होतो. मी हेमसिंग. अनसिंगच्या मोटार स्टँडवर माझं सायकलचं दुकान होतं, आणि त्या वर्षी फावल्या वेळात मी कुत्र्यांच्या सोयरिकी जमवत होतो. हसू नका. आधी ऐका.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी गावात सर्कस आली होती. गुरांच्या दवाखान्यामागच्या मैदानात तंबू लागला. तिसऱ्याच दिवशी अशी वावटळ सुटली की अख्खा तंबू छत्रीसारखा वर गेला आणि थेट आसेगावच्या एका लग्नावर जाऊन बसला. तिथल्या लोकांना वाटलं, मुलीच्या मामानं मांडव पाठवला. हत्ती तेवढा वजनानं वाचला. खोटं वाटत असेल तर त्या नवरदेवाला विचारा, आता त्याला नातवंडं आहेत.

सर्कस मोडली. माणसं मिळेल त्या गाडीनं पांगली. मालक मात्र दवाखान्याच्या पायरीवर सात कुत्री घेऊन रडत बसला. पांढरीशुभ्र, झुपकेदार, मांजरापेक्षा थोडी मोठी. शहरातले लोक त्यांना पामेरियन म्हणतात. आमच्या गावानं त्यांना पाहिलं आणि म्हटलं, कापसाची बोंडं चालून राह्यली.

"भैया, हाथी बिक जाएगा," मालक देवमनला म्हणाला, "इनको कौन लेगा? तुम रख लो."

देवमन दवाखान्यात ड्रेसर होता. बैलांच्या खांद्यांना मलम लावण्यात आणि शेळ्यांचे पाय बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यानं सातही कुत्री घोंगडीत घातली आणि घरी आणली. घरी चंपाबाई आणि चार मुलगे. चारही मुलग्यांची लग्नं झालेली. चारही वेळा देवमन वरबाप म्हणून मांडवात बसला होता, आणि चारही वेळा लेकीसाठी व्याह्याची धावपळ बघून त्याला हेवा वाटला होता. त्याला मुलगी हवी होती. ती काही झाली नव्हती.

"घ्या," चंपाबाई घोंगडीत डोकावून म्हणाली, "मांगत होते ना लेक? सात आल्या."

"यातले चार तं नर हायेत बापा," मी म्हणालो.

"असू दे हेमसिंगभाऊ," देवमन म्हणाला. "माह्या घरी आले, लेकीच झाल्या."

त्या सात लेकींची दशा बघवत नव्हती. अंगभर खरूज, कानात गोचीड, केसांच्या जटा. देवमन रोज संध्याकाळी करंजीच्या तेलात गंधक घोटून त्यांच्या अंगाला चोळायचा. चंपाबाई फणी घेऊन बसायची आणि सुनांच्या वेण्या घातल्यासारखे त्यांचे केस विंचरायची. ज्वारीच्या कण्या आणि ताक हे त्यांचं जेवण. महिन्याभरात त्या अशा काही फुलल्या की फणीतल्या केसांतून चंपाबाईनं एक उशी भरली. त्या उशीवर डोकं ठेवलं की स्वप्नात भुंकणं ऐकू यायचं. मी स्वतः झोपून पाहिलं आहे.

सर्वांत लहान ती शेवंती. तंबूचा खांब तिच्या पुढच्या पायावर पडला होता. देवमननं बांबूच्या कामट्या लावून तो पाय बांधला आणि तिला रात्रंदिवस उराशी घेऊन फिरला. पाय जुळला, पण थोडा वाकडा राहिला.

सात कुत्री पोसणं ड्रेसरच्या घराला झेपणारं नव्हतं. द्यायची तर होतीच. पण देवमननं नियम काढला. जो कोणी लेक मागेल, त्यानं रीतसर तिला पाहायला यायचं. बाजेवर बसायचं, चहा घ्यायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची. घरी पोरं दगड मारतात का? उन्हात सावली आहे का? साखळीनं बांधणार की मोकळी ठेवणार? आणि दर उन्हाळ्यात केस कापायला लेक माहेरी पाठवायची. त्या दिवशी पुन्हा चहा.

गंमत वाटली ना? गावालाही वाटली. पण त्यात एक खुबी होती. देवमनचं घर बौद्धवाड्यात. त्यांनी छप्पन साली धम्म घेतला, पोरं शिकली, नोकरीला लागली. गाव त्यांच्याशी बोलायचं, हसायचं, त्यांच्याकडून गुरं बरी करून घ्यायचं. फक्त त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या कपातला चहा प्यायचा म्हटलं की गावाला एकदम घरचं काम आठवायचं.

पहिली सोयरीक नर्स बेबीताईंची. त्या आल्या, दोन कप प्यायल्या, लेक घेऊन गेल्या. दुसरी आमच्या तांड्यावरच्या सेवालालची. त्याच्या लेकीनं आठ दिवसांत गुरं राखायला घेतली. तिला पाहिलं की सेवालालचा मारका गोऱ्हा गुडघे टेकायचा. मग पोस्टमन, मग शिरपूरहून एक धर्मशाळेचा म्हातारा रखवालदार, मग आणखी दोघं. प्रत्येकजण चहा पिऊन गेला. सहा लेकी उजवल्या. शेवंती राहिली. वाकड्या पायाची म्हणून कुणी विचारेना, आणि देवमन तोंडानं काळजी करत मनातून खूश होता.

आता तंबाखूचं सांगतो. सर्कशीत मालकानं टाळी वाजवली की ही कुत्री मागच्या पायांवर उभी राहायची आणि गिरकी घ्यायची. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गावात टाळी वाजवतं कोण? पण तंबाखू सगळेच मळतात. चुना लावून अंगठ्यानं घोटली की तळहातावर दोन थापा, फट् फट्, आणि भुकटी उडवायची. त्या थापा ऐकल्या की समोरचं पांढरं बोंड दोन पायांवर उभं! गावातल्या अर्ध्या लोकांनी समजूत करून घेतली की कुत्री तंबाखू मागतात. एकानं तर चिमूटभर देऊनही पाहिली, आणि चंपाबाईनं त्याला फणी फेकून मारली.

एका बाजारच्या दिवशी रामराव पाटील कापसाच्या गाडीजवळ तंबाखू मळत उभे होते. शेजारी त्यांची बायको तुळसाबाई. देवमन शेवंतीला काखेत घेऊन जात होता, त्यानं तिला क्षणभर खाली ठेवलं, आणि पाटलांनी थाप मारली. शेवंती उभी राहिली. वाकडा पाय छातीशी धरून, जणू नमस्कार करते आहे अशी. आणि तुळसाबाई हसली. तोंडाला पदर न लावता, डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

आता तुळसाबाई म्हणजे गेली दोन वर्षं न हसलेली बाई. धाकटी मुलगी बाळंतपणात गेली तेव्हापासून तिच्या तोंडून हो आणि नाही एवढंच निघायचं. पाटलांच्या हातातली तंबाखू खाली सांडली. दुसऱ्याच दिवशी जगदेव पोतं घेऊन आला.

पुढचे आठ दिवस माझी सायकल पाटलांच्या घरून बौद्धवाड्यात आणि बौद्धवाड्यातून पाटलांच्या घरी अशी पळत होती.

"हेमसिंग, त्याले म्हनाव चहा माह्या घरी पिऊ."

"लेक पाह्याले लोक लेकीच्या घरी येतेत, म्हने."

"मंग दवाखान्यात पिऊ. स्टँडवरच्या हॉटेलात पिऊ."

"पाटील, तुमाले हॉटेलाची सोयरीक करायची हाय का?"

पाटील चिडले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या बापानं जे केलं नाही ते त्याच्या पायांना सुचत नव्हतं. "एका कुत्र्यापाई रामराव देशमाने बौद्धवाड्यात जाऊन बसला, असं म्हनतीन लोकं."

इकडं देवमनच्या घरातही धुसफूस. "देऊन टाका ना," चंपाबाई म्हणाली. "त्या बाईची लेक गेली. मले तिची कीव येते."

देवमन शेवंतीच्या पायाला तेल लावत होता. "मलेई येते. पन चंपा, चार पोरांच्या लग्नात मी वरबाप होतो. चारई व्याही माह्यासमोर वाकले. आता पयल्यांदा मी लेकीचा बाप झालो, तं कोनाच्या पोत्यात लेक टाकू? हिचा पाय वाकडा हाय, मान वाकडी नाई."

पुढचा बाजार आला. भर दुपारी, उन्हाच्या झळा लागत असताना, बौद्धवाड्याच्या तोंडाशी तुळसाबाई दिसली. एकटी. डोक्यावर पदर, पायांत चपला, आणि चालणं असं की वाटेत कुणी आडवं येऊ नये. ती सरळ देवमनच्या दारात आली.

"चंपा, हाय का वं घरात?"

"या ना पाटलीनबाई."

तुळसाबाई बाजेवर बसली. "मी पोरगी पाह्याले आली. इचार काय इचारायचं थे."

देवमन एवढा गोंधळला की त्याला एकही प्रश्न आठवेना. शेवटी म्हणाला, "उन्हात... सावली हाय का?"

"माह्या लेकीची खोली रिकामी हाय," ती म्हणाली. "तथी बसन ते."

चंपाबाईनं चहा आणला. तुळसाबाईनं कप उचलला, तेवढ्यात धापा टाकत पाटील आले. मागून जगदेव. या खेपेला पोतं नव्हतं. अर्धा वाडा दारांत उभा, उरलेला कौलांवर. पाटील दारातल्या कडुनिंबाखाली थबकले.

"घरी चल," ते म्हणाले.

तुळसाबाईनं चहाचा घोट घेतला. "बसा. तुमचा थंडा होऊन राह्यला."

दुसरा कप बाजेवर ठेवलेला होता. पाटील त्याच्याकडं असे पाहत होते जसा बैल नव्या पुलाकडं पाहतो. पाय पुढं येईनात, मागंही जाईनात. काय करावं ते सुचलं नाही की आमच्याकडचा माणूस जे करतो ते त्यांनी केलं. चंची काढली. तंबाखू घेतली, चुना लावला, घोटू लागले. सगळा वाडा त्यांच्या अंगठ्याकडं बघत होता. आणि मग सवयीनं, फट् फट्.

शेवंती ताडकन उभी राहिली. वाकडा पाय छातीशी. एक गिरकी मारली, तोल गेला, पाटलांच्या चपलेवर पडली आणि पुन्हा उभी राहिली.

तुळसाबाई हसली. चंपाबाई हसली. कौलांवरची पोरं हसली. पाटलांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की कडुनिंबावरचे कावळे उडाले आणि वाशिमला जाऊन उतरले. हसता हसता ते बाजेवर बसले, हसता हसता कप हातात घेतला, आणि हसू आवरायला घोट घेतला. घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कपात पाहिलं. मग उरलेला चहा बशीत ओतला आणि फुर्र करून पिऊन टाकला.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

"येत जा," चंपाबाई म्हणाली. "घालत जाईन."

शेवंतीची पाठवणी झाली तेव्हा देवमन असा रडला की त्याच्या चारही व्याह्यांना आपापल्या गावी उचकी लागली. तुळसाबाईनं पोरीला पदराखाली घेतलं आणि जगदेव पुढं पुढं वाट मोकळी करत गेला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात सातही लेकी केस कापायला माहेरी यायच्या. देवमनच्या अंगणात कात्री चालायची, पांढऱ्या केसांचा ढीग व्हायचा, आणि बाजेवर नर्स, पोस्टमन, सेवालाल, पाटील चहा पीत बसायचे. मग पाटील उन्हाळ्याची वाट बघेनासे झाले. गोऱ्ह्याला काटा लागला, या बाजेवर. कापसाला भाव नाही, या बाजेवर. साखर मात्र दर वेळी कमीच असायची.

एकोणऐंशी सालच्या थंडीत मी असाच तिथं बसलो होतो. पाटील एकटेच आले. डोक्याला पागोटं नव्हतं. गडी पाठवला नव्हता, निरोप दिला नव्हता. लेकीची अशी बातमी माहेरी स्वतः सांगायची असते.

"देवमन," ते उभ्यानंच म्हणाले, "शेवंती गेली रे. पाहाटे. तुळसाच्या मांडीवर."

देवमननं हातातला मलमाचा डबा खाली ठेवला. "लय पिडली काय?"

"नाई. झोपल्यावानी गेली. लेकीच्या खोलीपुढं जागा केली तिले."

देवमन सरकला. पाटील त्याच्या शेजारी बाजेवर बसले. चंपाबाई काही न विचारता चुलीकडं गेली. पाटलांचा हात आपोआप चंचीकडं गेला. तंबाखू काढली, चुना लावला, अंगठ्यानं सावकाश घोटली.

फट् फट्.

आम्ही तिघांनीही खाली पाहिलं.

तंबाखू पाटलांच्या तळहातावर तशीच राहिली. चंपाबाई चहा घेऊन आली, तिनं तो बशीत ओतला आणि त्यांच्यापुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "साखर जास्त घातली."