तिच्या मागोमाग

“त्याले मांगून आन, ग्राउंडातून,” चंपतरावांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं. “समोर पाव्हन्यायच्या गाड्या उभ्या हायेत. सारे पायतीन.”

संघमित्रा घराकडे निघाली. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आज तिच्या नणंदेचं, दामिनीचं साक्षगंध होतं. कोहक्याहून मुलाकडची मंडळी येऊन समाजभवनात बसली होती आणि नवरीचा एकुलता एक भाऊ, संघमित्राचा नवरा प्रफुल, अजून घरातच होता. मुलगा बस्तरच्या जंगलात फोर्समध्ये आहे, सध्या सुट्टीवर आलाय, एवढंच चंपतरावांनी व्याह्यांना सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण दादा आल्याशिवाय अंगठी घालणार नाही म्हणून दामिनी हटून बसली, तेव्हा मूठ उघडायची वेळ आली.

तसं प्रफुलमध्ये झाकण्यासारखं होतं तरी काय? जेवायचा, हळू बोलायचा, कुणावर हात उगारायचा नाही. फक्त चालायचा वेगळा. बायकोच्या मागे, आणि तिचं पाऊल जिथं पडलं तिथंच आपलं पाऊल ठेवून. ती थांबली की तोही थांबायचा. ती घरात नसली की उंबरा ओलांडायचा नाही.

पूर्वी सगळं उलटं होतं. नवं लग्न झालेलं असताना भिलाईत पॉवर हाऊसच्या बाजारात गेले की हा ढांगा टाकत पुढे, आणि ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागून धावतेय. मेथीची जुडी दाखवावी म्हणून मान वर करावी तर नवरा दिसेनासा झालेला. त्यामुळे तो परत आल्यावर तिच्या मागे मागे चालायला लागला, तेव्हा शेजारच्या बाया म्हणाल्या, जंगलानं माणसाला चांगलं वळण लावलं हो. पोरं ‘जोरू का गुलाम’ म्हणून हसली. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस संघमित्राला ते आवडलंच. वळून पाहिलं की तो होता. रायपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झोप लागू लागली, चाल मात्र तीच राहिली. तिनं कारण विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं त्याला नवा शर्ट दिला. केस त्यानं स्वतःच विंचरले, आरशात दोनदा पाहिलं. दामिनीला उशीर खपत नाही, चल लवकर, असं तोच म्हणाला. पूर्वीचा प्रफुल असाच घाई करायचा, म्हणून तिला बरं वाटलं.

ग्राउंड उन्हानं कडक झालं होतं. पलीकडे समाजभवनाचा मागचा दरवाजा उघडा होता आणि आतून गाणी ऐकू येत होती. निम्म्यावर आल्यावर मागची पावलं थांबली. समोर पाइपलाइनसाठी खणलेला चर आडवा गेला होता. बुजवला होता, पण माती अजून सैल आणि वेगळ्या रंगाची दिसत होती. भिलाई-३च्या दवाखान्यात ड्यूटीला जाताना संघमित्रा रोज तो ओलांडायची.

“नळाचा पाइप टाकला हाय तिथं,” ती म्हणाली. “माया रोजचा रस्ता हाय.”

तो मातीकडे बघत होता. मग अगदी साध्या आवाजात बोलला.

“समोर कवडू होता. जंगलात लाईनमंदी समोरच्याच्याच पावलात पाऊल टाकाचं, असं शिकवते. मी त्याच्या पावलातच चालून राहिलो होतो. म्हनून वाचलो.”

प्रफुलच्या तुकडीतला, गोंदियाकडचा कवडू तिला माहीत होता. त्यांच्या लग्नात घाम पुसत पंगतीला वाढणारा. तो मातीत पुरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात गेला हेही माहीत होतं. तो प्रफुलच्या पुढे होता, हे माहीत नव्हतं. तिला समजायला जरा वेळ लागला. समोरचा जातो, मागचा राहतो.

“मंग मले कावून समोर ठेवता तुमी?”

तिच्या मागच्या पावलाच्या जागेत दोन्ही पाय जुळवून, अंग चोरून तो उभा होता.

“दुसऱ्या कोनाच्या मांगं पायच उचलत नाई,” तो म्हणाला. “तुयावरच भरोसा हाय.”

मग तो रडायला लागला. म्हणजे त्यालाही ते कळत होतं, रोज, प्रत्येक पावलाला. तिला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त फार एकटं वाटलं. लग्नानंतर बाजारात एकटी मागे राहायची तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं. तिनं हात पुढे केला, बाजूनं चला म्हणाली. त्यानं हात धरला, एक पाय बाजूला नेला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि परत जागेवर आणला.

मागच्या दारात दामिनी येऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग मुलाकडची चार माणसं आली आणि त्यांच्या आडून चंपतराव. दामिनीनं हात हलवून हाक मारली. पाहुण्यांतलं कुणीतरी सहज म्हणालं, या की हो, तिथं काय उभे राहिलात! चंपतरावांनी मान खाली घातली.

“या माया मांगं,” संघमित्रा नवऱ्याला म्हणाली आणि वळली.

समोर नळाचीच माती होती. तिनं पाय उचलला, आणि तो कुठं टेकवावा, ते तिला कळेना.