खिशातली शिट्टी

कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना सगळे बॉयलरसाहेब म्हणत. साहेब फाटकातून आत आले की मालकांना घाम फुटायचा. निवृत्तीनंतर त्यांना पाहून घाम फुटेल असं घरात कोणी उरलं नव्हतं. बायकोला तर आधीही फुटत नसे.

सध्या तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. ओट्याला खुर्ची लावून, अंगाभोवती शाल लपेटून ती हुकूम सोडत होती आणि साहेब राबत होते. कोपऱ्यावरची बेकरी बंद पडल्यापासून तिने ताज्या पावाचा ध्यास घेतला होता. घरात ओव्हन नव्हता, पण जुना कुकर होता.

"तळाला मीठ पसरा, त्यावर जाळी. पाणी अजिबात नको. आणि झाकणाची शिट्टी अन् रबर दोन्ही काढा, नाहीतर वाफ कोंडेल."

"वाफेचं मला शिकवतेस?"

"मग पिठाचं शिकवते. जोर लावून मळा. दुसऱ्याचं बाळ घेतल्यासारखं काय धरताय?"

पीठ फुगलं. साहेबांनी ते भरलेला डबा कुकरात उतरवला आणि ते हात धुवायला गेले. झाकण तिने बसवलं. आच मंद केली. मग ती डोळे मिटून वासाची वाट पाहू लागली.

तेवढ्यात हात पुसत परतलेल्या साहेबांना झाकणाच्या नळीतून वाफेचा बारीक धागा निघताना दिसला. गळती. आयुष्यात त्यांनी एकही गळती नजरेआड केली नव्हती. परातीला चिकटलेल्या पिठाची गोळी वळून त्यांनी ती नळीत ठासली आणि मागे सरून काम न्याहाळलं. उत्तम झालं होतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं. ती गळती नव्हती. वाफेला मुद्दाम ठेवलेली वाट होती.

हात खिशात गेला. शिट्टी होती. रबर नव्हतं. ते काढल्याचं काही केल्या आठवेना. सेफ्टी व्हॉल्व्ह होता म्हणा. पण ज्या ज्या स्फोटांचे पंचनामे साहेबांनी केले, त्या सगळ्या बॉयलरांना सेफ्टी व्हॉल्व्ह होते.

कुकर गप्प होता. तिचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर.

धोक्याच्या वेळी घबराट पसरवू नये, हे साहेबांनी कैक कामगारांना पढवलं होतं.

"अगं, बाहेर बसू या का जरा? हवा छान पडलीय."

"पाव होईपर्यंत मी हलत नाही."

"खुर्चीसकट नेतो."

"आणि तुमची कंबर धरली की हुकूम कुणाला सोडू? आवाज का कापतोय तुमचा?"

"भूक लागलीय."

गॅसचं बटण कुकरच्या अगदी खाली. एका सहीने कारखाने बंद पाडणारे साहेब ओट्याकडे दोन पावलं गेले आणि तीन मागे आले. शेवटी त्यांनी परात छातीशी धरली, ते तिच्या आणि कुकरच्या मधे शिरले, आणि मागे हात घालून चाचपत बटण फिरवलं. परात पुढे, कुकर पाठीमागे. अशा बंदोबस्ताबद्दल त्यांनी मालकाला दंडच ठोकला असता.

"अहो, गॅस का घालवलात? सरका."

"नाही सरकत." विस्तव विझला तरी कोंडलेली वाफ लगेच विझत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

संसारात पहिल्यांदाच त्यांनी तिला नाही म्हटलं होतं. तिने त्यांना ढकलायला शालीतून हात काढला. कोपराशी कुकरचं रबर लोंबत होतं.

म्हणजे झाकणाच्या कडेने वाफेला वाट होतीच.

"तुम्ही शिट्टी काढून मोठ्या ऐटीत हात धुवायला गेलात. रबर मग मीच काढलं," ती म्हणाली. "पण झालं काय?"

त्यांनी गोळीचं सांगितलं. तिने वाकून नळी पाहिली. मग त्यांची घामाने भिजलेली पाठ आणि अजून छातीशी असलेली परात पाहिली.

"ती गोळी काढा अन् गॅस लावा. पाव कच्चा राहील."

साहेबांच्या हातात काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी तिने धरून दिली.

"आता मी बाहेर बसतो," साहेब म्हणाले.

"इथेच उभे राहा."

"का?"

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं.

साहेब उभे राहिले. मधेच.