काळ्या कापडाआड

दुपारी पावणेचारला खोदकामाच्या जागी चर खचला. आत एक माणूस आहे, असं सुरुवातीला कळलं.

मुकादमाचा फोन आला तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होती.

"वहिनी, सर मातीखाली गेले," म्हणत तो रडायलाच लागला.

"कोणते सर?"

तिथे एकाच आडनावाचे दोन सर होते. एक पुरातत्त्वाचे, दुसरा तिचा नवरा, भौतिकशास्त्रज्ञ. नातं काही नाही, पण दोघंही नावाजलेले. त्यामुळे एकाची पार्सलं दुसऱ्याच्या दारात, एकाचं अभिनंदन दुसऱ्याला. "तो मेलेले हुडकतो, मी त्यांचं वय काढतो," नवरा म्हणायचा.

"तेच कळेना. वर काळं कापड होतं ना."

ते कापड तिला ठाऊक होतं. मातीवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे मोजूनच नवरा वय काढायचा. नमुन्याला उजेड लागून चालत नाही, म्हणून चरावर कापड ओढून आत अंधारात पोलादी नळी ठोकून तिच्यात माती भरून घ्यायची. एक जण आत, दुसरा आधीच्या नळ्या गाडीने प्रयोगशाळेत पोचवणार. गाडी डोंगररस्त्याला होती. दोघांचेही फोन लागत नव्हते, ड्रायव्हरचाही नाही.

नळी ठोकणं नवऱ्याचं काम. पण सकाळीच तो फोनवर कण्हत होता, "खांदा धरलाय गं. आज ते ठोकतील, मी गाडीने जाईन."

तिचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात पुरातत्त्ववाल्यांची बायको घरच्या चपलांतच दुकानात शिरली.

"काही कळलं का गं?"

"नाही, ताई. बसा."

"ह्यांच्या हातून भिंतीत खिळा सरळ जात नाही. नळी कसली ठोकतायत! ते गाडीतच असणार." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "म्हणजे... तसं नाही गं म्हणायचं मला."

"कळलं, ताई."

खांद्याचं तिने सांगितलं नाही. पाणी आणून दिलं. ताईंनी पेला नुसता हातात धरून ठेवला.

साडेपाचला प्रयोगशाळेतून फोन आला. गाडी पोचली होती.

"कोण आलंय?" दोघींनी एकदमच विचारलं.

"ड्रायव्हर एकटाच. तो म्हणतो, तुमचे मिस्टर, भौतिकशास्त्राचे सर, त्याला म्हणाले, 'ह्या सरांना ठोकायची सवय नाही, कापड सुटेल, मी धरून बसतो, तू पुढे हो.' दोघंही आत उतरले होते."

तिने फोन ठेवला. ताई सरकून अगदी खेटून बसल्या.

"आधी मुकादमाला सांग," त्या म्हणाल्या. "दोन माणसं आहेत म्हणावं. एक सापडला की थांबतील ते."

तिने नंबर फिरवला. तिकडून फावड्यांचा आवाज येत होता.

सव्वासहाला एकाला बाहेर काढलं. श्वास चालू होता. चेहऱ्यावरची माती अजून धुतली नव्हती, त्यामुळे कोण ते कळेना. फावडी थांबली नव्हती.