बुधवारची कात्री

पायरोतने शटर अर्धं वर केलं, तर पलीकडे सासऱ्यांच्या चपला. बाहेर अजून अंधारच होता.

बुधवारीही दुकान उघडणार, असं त्याने सांगितल्यापासून सासरे सांगुआन दुकानात आले नव्हते. फेत्चबुरीच्या या बाजारात सांगुआननी उभ्या जन्मात बुधवारी कोणाच्या केसांना कात्री लावली नव्हती. 'बुधवारी कापू नये, गुरुवारी उपटू नये' हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण नव्या कारखान्याची सुट्टी नेमकी बुधवारची, आणि दुकान आता पायरोत चालवत होता. सासऱ्यांनी नाक मुरडलं, तर गल्लीतलं एकही गिऱ्हाईक बुधवारीच काय, कधीच फिरकायचं नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

सांगुआन वाकून आत आले आणि थेट खुर्चीत बसले.

"कानामागे वाढलेत. काप."

"बाबा, आज बुधवार आहे."

"तुझ्या त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात. त्याचा दिवस मध्यरात्री बदलतो, चोरासारखा. आमचा दिवस उजाडल्यावर लागतो. अजून मंगळवारच आहे. वाद घालत बसलास तर मात्र बुधवार लागेल."

पायरोतला हसू आलं. ते लपवायला त्याने उगाच टॉवेल झटकला आणि चादर त्यांच्या गळ्याशी बांधली.

"हात कापतोय तुझा."

"तुम्ही बघताय म्हणून."

"मग नाही बघत."

त्यांनी खरंच डोळे मिटून घेतले. पायरोतचा हात हळूहळू स्थिरावला. सोयादूध विकणाऱ्या मावशीने जाता जाता शटरखालून डोकावून पाहिलं, खुर्चीत कोण आहे ते पाहून तिचे डोळे विस्फारले, आणि ती लगबगीने पुढे गेली. आता हे गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागणार!

डावी बाजू झाली, तेवढ्यात रस्त्यावरून भिक्खू पहाटेच्या भिक्षेला अनवाणी जाताना दिसले. पायरोतची कात्री थांबली.

"बाबा, उजाडलं. अर्धंच झालंय."

सांगुआननी चादरीतून हात बाहेर काढून डोळ्यांसमोर धरला. तळहातावरच्या रेषा दिसल्या की नवा दिवस लागला, ही जुन्या माणसांची खूण. मागे उभ्या पायरोतला त्यांच्या खांद्यावरून एकूण एक रेषा दिसत होती.

त्यांनी हात बराच वेळ न्याहाळला, मग चादरीखाली परत नेला.

"या वयात डोळे दगा देतात बघ," ते म्हणाले. "मला तर काहीच दिसत नाही. शटर पूर्ण वर कर, आणि उजवी बाजू घे."